ज्ञानाचा वक्फ आणि त्याचे मुतवल्ली

"विकिपीडियावर तसेच दिले आहे," हे वाक्य आता आपल्याकडे शेवटचा शब्द होऊन बसले आहे. वक्तृत्व स्पर्धेतला विद्यार्थी ते म्हणतो, वृत्तवाहिनीवर तावातावाने भांडणारा प्रवक्ता म्हणतो, व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतून उठणारा तरुणही तेच म्हणतो. पूर्वी 'पेपरात छापून आले आहे' असे म्हणत. त्याच्याही आधी 'हजरतांनी सांगितले आहे' किंवा 'शास्त्रीबुवांनी सांगितले आहे' एवढ्यावर भागत असे. साक्षीदार बदलत गेला, साक्ष तपासण्याचा कंटाळा मात्र तसाच राहिला. आणि या कंटाळ्याची किंमत सर्वांत जास्त कोणाला मोजावी लागते? ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनीच लिहिला आहे त्यांना. म्हणजे आपल्याला.

म्हणून हा विश्वकोश कोणाच्या मालकीचा, त्यातला मजकूर कोण बदलतो आणि बदललेला मजकूर कोण पुसतो, हे प्रश्न केवळ संगणकवाल्यांचे नाहीत. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आपली मागणी साधी होती: आमचे जगणे आम्ही मराठीत लिहू, आमच्याविषयी इतरांनी ठरवून टाकलेले आम्ही तपासू. आज मराठी माणूस एखाद्या गावाविषयी, संताविषयी, सुलतानाविषयी पहिल्यांदा वाचतो ते ग्रंथालयात नव्हे, फोनवर. तिथे आपण नसू तर संमेलनाच्या मांडवात कितीही टाळ्या पडोत, त्यांचा उपयोग काय?

आधी हा कारभार चालतो कसा ते पाहू. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' काढला तेव्हा संपादक कोण हे सर्वांना ठाऊक होते. वाईच्या 'मराठी विश्वकोशा'त, ज्याचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली १९७६ साली आला, नोंदीखाली लेखकाचे नाव असते. चूक सापडली तर भांडायचे कोणाशी हे कळते, पण दुरुस्ती व्हायला पुढची आवृत्ती यावी लागते. २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियाने हे उलटे केले. कोणीही यावे, लिहावे, दुसऱ्याचे दुरुस्त करावे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे नेमका महाराष्ट्र दिनी सुरू झाला; उर्दूचा पुढच्या वर्षी. प्रत्येक पानाला 'इतिहास' नावाची एक खिडकी असते. कोणी, कधी, कोणता शब्द बदलला ते तिथे कायमचे नोंदलेले राहते. शेजारी 'चर्चा' नावाचे पान असते, वाद तिथे घालायचा. लिहिणारा आपल्या मजकुरावरची मक्तेदारी सोडून देतो. जो मजकूर घेईल त्याने श्रेय द्यावे आणि पुढे इतरांनाही तो तसाच मोकळा ठेवावा, एवढीच अट.

आपल्या वाचकाला हे समजावायला इंग्रजी शब्दांची गरज नाही. हा वक्फ आहे. वाकिफ एकदा मालमत्ता वक्फ करतो आणि त्याची मालकी संपते. ती विकता येत नाही, वारसाहक्काने मुलांना देता येत नाही. तिचा लाभ सर्वांचा. देखभालीला मुतवल्ली असतो. आणि मुतवल्ली म्हटल्यावर पुढे काय होते हेही आपल्याला कोणी सांगायला नको. महाराष्ट्रात गावोगाव वक्फच्या जमिनींचे काय झाले? राखणदार म्हणून नेमलेला माणूस दहा वर्षांनी मालकासारखा बोलू लागला, वीस वर्षांनी सातबाऱ्यावर मुलाचे नाव लावू लागला. विश्वकोशाच्या पानाचेही हेच होते. ज्याने पान पहिल्यांदा लिहिले तो म्हणतो, हे माझे पान. जो रोज रात्री त्यावर नजर ठेवतो तो म्हणतो, मला विचारल्याशिवाय इथे स्वल्पविरामही टाकायचा नाही. कोणी काही घातले की हा पुसतो. त्याने पुन्हा घातले की हा पुन्हा पुसतो. इंग्रजी विकिपीडियाला म्हणूनच नियम करावा लागला की चोवीस तासांत एका पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवायचे नाहीत. आणखी एक नियम स्पष्ट लिहावा लागला: कोणत्याही पानाचा कोणी मालक नाही. ज्या घरात 'इथे कोणी मालक नाही' अशी पाटी लावावी लागते, तिथे मालकीची भांडणे किती असतील याची कल्पना करावी.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ, कारण या भांडणाचा सगळा मसाला इथे तयार आहे.

पहिली गोष्ट नावाची. ३१ मे २०२३ रोजी चौंडीत मुख्यमंत्र्यांनी नामांतराची घोषणा केली, मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठराव केला, ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचना निघाली. आज जिल्ह्याचे कायदेशीर नाव अहिल्यानगर आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई १७२५ साली याच जिल्ह्यातल्या चौंडीत जन्मल्या. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे, आणि त्यांच्या नावाशी आमचे भांडण लावू पाहणाऱ्यांच्या डावात आम्हाला पडायचे नाही. आमचा प्रश्न दुसराच आहे. आजचे नाव कालच्या वाक्यात घालता येते काय? संगणकावर 'शोधा आणि बदला' अशी एक सोय आहे. एका कळीने शंभर ठिकाणचा शब्द बदलतो. मग वाक्य तयार होते: 'मलिक अहमदने अहिल्यानगर वसवले.' किंवा 'चांदबिबीने अहिल्यानगरचा किल्ला लढवला.' मलिक अहमद निजामशहाने १४९० साली बहमनी सत्तेपासून स्वतंत्र होऊन आपली गादी स्थापली आणि पुढे भिंगारजवळ शहर वसवले, त्याला आपले नाव दिले. तेव्हा अहिल्याबाईंचा जन्म व्हायला सव्वादोनशेहून अधिक वर्षे अवकाश होता. असे वाक्य लिहिणारा माणूस अहमदशी वैर धरतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो अहिल्याबाईंची थट्टा करतो.

इंग्रजी विकिपीडियाचा नियम असा की गावाचे नाव सरकारी राजपत्रावरून नव्हे, इंग्रजी लेखनात सर्वांत जास्त जे चालते त्यावरून ठरते. त्यामुळे नामांतर झालेल्या प्रत्येक शहराच्या पानावर वर्षानुवर्षे रणधुमाळी चालली. अलाहाबादच्या पानावर झाली, औरंगाबादच्या पानावर झाली. एक बाजू म्हणते, सरकारने बदलले तरी तुम्ही बदलत नाही, तुम्ही परके. दुसरी बाजू म्हणते, लोक काय म्हणतात ते पाहा. आम्ही या दोन्ही बाजूंना विचारतो: शीर्षकावर एवढा घाम गाळणाऱ्यांपैकी किती जणांनी शीर्षकाखालचा मजकूर सुधारला? दारावरच्या पाटीसाठी डोकी फोडायची आणि आत घरात झाडू मारायचा नाही, ही कोणती मालकी?

आत काय आहे ते पाहा. शाह डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी इमारत सगळा महाराष्ट्र 'चांदबिबीचा महाल' म्हणून ओळखतो. सहली तिथेच जातात. आमच्या शाळेतली मुले प्रकल्पाच्या वहीत तिचेच चित्र चिकटवतात आणि खाली लिहितात, 'राणी चांदबिबी इथे राहत असे.' ती इमारत मूर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीतला वजीर सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबीचा तिच्याशी संबंध नाही. आता ही चूक कोणी हिंदुत्ववाद्याने केली काय? नाही. आपणच आपल्या पोरांना पिढ्यानपिढ्या ती सांगत आलो. ज्या वजिराने आपल्या या शहराला बागा दिल्या, फराहबाग पूर्ण केला, त्याच्या कबरीवर आपण दुसऱ्याची पाटी लावली आणि तक्रार करतो की लोक आमच्या पाट्या बदलतात.

दुसरे उदाहरण. फिरिश्ता हा इतिहासकार लहानपणी नगरच्या दरबारात वाढला. तो सांगतो की मलिक अहमदचा बाप मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण, त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी. निजामशहांनी पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीशी पाथरीसाठी लढाई केली ती याच नात्यातून. या एका वाक्यावर दोन्हीकडचे मुतवल्ली तुटून पडतात. एकाला ते हवे असते, पण 'बघा, सगळे इथलेच, जबरदस्तीने बाटवलेले' एवढे सिद्ध करण्यापुरते. दुसऱ्याला ते नको असते, कारण त्याला निजामशहा इराण-तुराणहून आलेला खानदानी सुलतान हवा असतो. वाक्य आहे तसे राहू देणे, 'फिरिश्ता असे म्हणतो' एवढे लिहून थांबणे, हे दोघांनाही जमत नाही. आणि आम्हा मराठी मुसलमानांना तर हे वाक्य जपून ठेवायला हवे. आमची मुळे या काळ्या मातीत आहेत हे आम्ही ओरडून सांगतो. इथे तर एका राजवंशाचीच मुळे पाथरीच्या कुलकर्ण्याच्या वाड्यात सापडतात.

योगायोग पाहा, त्याच पाथरीवरून जानेवारी २०२० मध्ये शिर्डी बंद झाली. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीला शंभर कोटी देण्याची घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली आणि शिर्डीकर खवळले. जो फकीर मशिदीत राहिला, आणि त्या मशिदीला द्वारकामाई म्हणाला, ज्याने आपली जात-जन्म आयुष्यभर कोणाला सांगितला नाही, त्याच्या पानावर पहिली ओळ काय असावी? हिंदू? मुसलमान? ब्राह्मणाचा मुलगा? सूफी? १९१८ साली बाबा गेले तेव्हा अंत्यविधीवरूनही दोन पक्ष झाले होते. तोच वाद आज कळफलकावर चालतो. 'माहीत नाही' हे दोन शब्द लिहायला विश्वकोशाच्या संपादकाला जेवढे धैर्य लागते, तेवढे ठाम शंभर ओळी लिहायला लागत नाही.

आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद. मालोजीराजांनी ज्यांना गुरू मानले, ज्यांनी 'योगसंग्राम' लिहिला, जे मुसलमान राहून विठ्ठलाविषयी मराठीत बोलले. त्यांच्या ठिकाणाला दर्गा म्हणायचे की मंदिर यावरून अलीकडच्या वर्षांत श्रीगोंद्यात मोर्चे निघाले, ट्रस्टचे वाद झाले. जमिनीवर जे चालले आहे तेच पानावर येणार. शेख महंमदांचे काव्य वाचणारे दहा आणि त्यांची मालकी सांगणारे दहा हजार, अशी स्थिती. वा. सी. बेंद्रे यांनी कष्टाने त्यांचे ग्रंथ संपादित करून छापले, रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' लिहिले, यू. म. पठाण सरांनी आयुष्यभर या कवींचा अभ्यास केला. ही पुस्तके उघडून चार आधार पानावर नेऊन ठेवणारा एक माणूस मोर्चातल्या हजारांपेक्षा शेख महंमदांची जास्त सेवा करील, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बेंद्र्यांचे नाव आले म्हणून पुढचा विषय. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आला आणि छत्रपती संभाजी महाराजांच्या विकिपीडिया पानावरील मजकुरावरून राज्यात संताप उसळला. मुख्यमंत्र्यांनी सायबर पोलिसांना लक्ष घालायला सांगितले. विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस गेली, संपादकांवर गुन्हा दाखल झाला. मजकूर आक्षेपार्ह होता की नाही हा वाद बाजूला ठेवू. संभाजीराजांची बदनामी नाटक-सिनेमांनी केली होती हे खरेच आहे, आणि ती पुसली कोणी? पोलिसांनी नव्हे. वा. सी. बेंद्र्यांनी १९६० साली त्यांचे चरित्र लिहून पुसली, कमल गोखल्यांनी 'शिवपुत्र संभाजी' लिहून पुसली. वर्षानुवर्षे कागद धुंडाळून. त्या पुस्तकांचे संदर्भ पानावर नेऊन ठेवणे हा सरळ मार्ग होता. पण संदर्भ द्यायला पुस्तक वाचावे लागते, आणि गुन्हा दाखल करायला फक्त राग पुरतो.

आमच्यातले काही जण हे पाहून खूश झाले. म्हणाले, "बरे झाले, आता आपणही आपल्या पानांसाठी पोलिसांत जाऊ." त्यांना आमचा सवाल आहे. उद्या औरंगजेबाच्या पानावर, टिपूच्या पानावर, चांदबिबीच्या पानावर आधार देऊन लिहिणाऱ्या तुमच्या मुलाच्या दारात पोलीस आला तर? ज्या हत्याराची मूठ आपल्या हातात नाही, त्याला धार लावून देऊ नये. जुलै २०२४ मध्ये एका वृत्तसंस्थेने आपल्याविषयीच्या मजकुराबद्दल दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटींचा दावा लावला. त्या खटल्यावरचे पानच काढून टाकायचा आदेश झाला आणि ते निघालेही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ताकद त्या परदेशी संस्थेकडे होती. श्रीगोंद्याच्या किंवा भिंगारच्या पोराकडे असणार आहे काय?

बंदीचे वेड आपल्याकडे जुने आहे. २००४ साली जेम्स लेनच्या पुस्तकावरून पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. जी हस्तलिखिते इतिहास सांगतात तीच तुडवली गेली. त्याआधी १९८८ साली आपल्याही पुढाऱ्यांनी न वाचलेल्या कादंबरीवर बंदी मिळवली आणि समाजाला काय मिळाले? पुढच्या दहा वर्षांत एकही चांगले ग्रंथालय मिळाले नाही. २००८ मध्ये पैगंबरांवरील इंग्रजी पानावरची जुनी चित्रे काढा म्हणून लाखाहून अधिक सह्यांचे निवेदन गेले. चित्रे निघाली नाहीत, कारण तिथे सह्या मोजत नाहीत, आधार मोजतात. भावना आमच्याही दुखावल्या. पण लाख सह्या करणाऱ्यांपैकी शंभर जणांनी सीरतवरची विश्वसनीय पुस्तके हाताशी घेऊन ते पान रोज सुधारले असते तर वाचकापर्यंत आपला रसूल पोहोचला असता. आमचे बांधव पानावर जातात ते प्रत्येक नावापुढे 'रहमतुल्लाह अलैह' लिहायला. दुसरे बांधव जातात ते प्रत्येक नावापुढे 'हिंदूहृदयसम्राट' छापाची बिरुदे लावायला. संपादक दोन्ही पुसतो आणि दोन्ही बाजू त्याला शत्रू समजतात. आदर मनात असावा, विश्वकोशात माहिती असावी, एवढा साधा भेद आपल्याला कळू नये?

पण सगळा दोष लोकांवर ढकलून विश्वकोशाच्या मुतवल्लींना मोकळे सोडणार नाही. छोट्या भाषेचा विश्वकोश मूठभर लोकांच्या हातात असतो. ती मूठ वळली की काय होते याचा दाखला क्रोएशियात आहे. तिथला विकिपीडिया जवळपास दहा वर्षे एका उजव्या गटाच्या प्रचालकांनी ताब्यात ठेवला, दुसऱ्या महायुद्धातल्या अत्याचारांना पांढरा रंग दिला आणि विरोधी संपादकांना हाकलले. फाउंडेशननेच २०२१ मध्ये तसा अहवाल दिला. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर तर २०२० मध्ये उघड झाले की हजारो पाने ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने लिहिली होती. मराठीत पाने लाखाच्या आसपास आणि नियमित लिहिणारे हात फार थोडे. म्हणून मराठीत हे होणार नाही असे छातीठोक कोणी सांगावे? आणि असे होऊ नये यासाठी उपाय एकच: हात वाढले पाहिजेत, आणि ते एकाच आळीतले नसले पाहिजेत.

दुसरा दोष नियमातच आहे. विश्वकोशाला छापील आधार लागतो. स्वतः पाहिलेले, ऐकलेले चालत नाही. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ याने २०१२ मध्ये स्वतःच्या कादंबरीविषयीची चूक दुरुस्त करायला सांगितली तर त्याला उत्तर मिळाले की लेखकाचा शब्द पुरेसा नाही, दुसरा आधार द्या. रॉथकडे मोठे साप्ताहिक होते, त्याने तिथे जाहीर पत्र लिहिले आणि आधार तयार केला. आमच्या नानींकडे कोणते साप्ताहिक आहे? मोमीन, बागवान, अत्तार, मणियार, तांबोळी यांच्या घरात जे आहे – लग्नातली दखनी गाणी, मोहरमच्या सवाऱ्यांचा मान कोणाचा, उरुसाच्या संदलला पहिला खांदा कोणत्या हिंदू घराण्याचा – ते छापलेले नाही, म्हणून ते नाही. ज्यांचे लिहिले गेले त्यांचे खरे, बाकीच्यांची अफवा. २०११ साली भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत काही लोकांनी तोंडी साक्षी ध्वनिमुद्रित करून आधार म्हणून वापरण्याचा प्रयोग केला, पण तो नियम झाला नाही.

इथे आम्हाला आपल्या समाजाचे सर्वांत जास्त आश्चर्य वाटते. तोंडी साक्ष कशी जोखायची याचे शास्त्र जगात आपल्याइतके कोणी उभे केले? हदीसच्या प्रत्येक वाक्याला सनद लागते: याने त्याच्याकडून ऐकले, त्याने अमक्याकडून. साखळीतला प्रत्येक माणूस कोण होता, स्मरण कसे होते, खोटे बोलत असे काय, हे तपासणारी अस्मा-उर-रिजाल नावाची अख्खी विद्या आपल्या बुजुर्गांनी रचली. खबर आणणारा भरवशाचा नसेल तर आधी शहानिशा करा, ही ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. त्या बुजुर्गांची लेकरे आज भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर न वाचता पुढे ढकलतात! विश्वकोशाच्या 'इतिहास' खिडकीत तर सनद उघडी पडलेली आहे. कोणी कधी काय बदलले हे बोट ठेवून दाखवता येते. ती खिडकी उघडून पाहणारे आपल्यात किती?

आणि आम्ही उर्दू शिक्षक? आमच्याविषयीही बोलले पाहिजे. मराठी शाळेत शिकलेल्या अभ्यासकाला फारसी-उर्दू लिपी वाचता येत नाही, अलिगढ-हैदराबादच्या पंडिताला मराठी येत नाही. दोन्ही येणारी जी थोडी माणसे महाराष्ट्रात उरली आहेत त्यांत जिल्हा परिषद, नगरपालिका आणि खाजगी संस्थांच्या उर्दू शाळांतले शिक्षक येतात. दमडी मशिदीच्या दगडावरचा लेख आम्ही वाचू शकतो आणि त्याचा अर्थ मराठीत लिहू शकतो. नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ पंडित नेहरू कैदेत होते, तिथे त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे प्रत्येक पानावर सापडते. त्याच किल्ल्यात मौलाना आझाद होते. तिथे त्यांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे लिहिली, चहावर लिहिले, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांवर लिहिले. १९४३ साली कलकत्त्यात त्यांची पत्नी जुलेखा बेगम वारली तेव्हाही ते याच भिंतींच्या आत होते. उर्दूच्या गद्यातला हा ठेवा नगरच्या किल्ल्यात जन्मला हे मराठी मुलाला कोण सांगणार? उर्दूच्या कोशात पाने दोन लाखांच्या पुढे गेली, पण तिथे उजेड लखनौ-दिल्ली-लाहोरवर. दख्खनला दिवा लावायचा तर तो दख्खनी माणसानेच लावला पाहिजे.

तेव्हा आमचे म्हणणे रोकडे आहे. ज्यांना नगरच्या इतिहासाची कळकळ आहे त्यांनी निवेदने थांबवावीत आणि कामाला लागावे. भ. ग. कुंट्यांनी फारसीतून मराठीत आणलेली निजामशाहीची साधने, राधेश्याम यांचे १९६६ सालचे अहमदनगरच्या राज्यावरचे पुस्तक, रिचर्ड ईटनचे मलिक अंबरवरचे प्रकरण, १८८४ सालचे जिल्हा गॅझेटियर, परमानंदाचे 'शिवभारत' ही सगळी मिळण्यासारखी आहेत. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली हे 'शिवभारता'त आहे, म्हणजे शिवरायांच्याच दरबारच्या कवीने लिहिले आहे. त्या शरीफजींनी १६२४ साली मलिक अंबरच्या बाजूने लढताना याच जिल्ह्यातल्या भातवडीत प्राण दिला. हा आधार पानावर ठेवा आणि मग कोणाला पुसायचे असेल तर त्याने आपल्या नावानिशी पुसावे. 'इतिहास' खिडकीत त्याचे नाव राहील.

जे छापलेले नाही ते छापा. विश्वकोशाला छापील आधार हवा ना? मग वार्षिकांतून, उरुसाच्या आणि शाळेच्या स्मरणिकांतून कविता-गझलांबरोबर एकेक मोहल्ल्याचा, एकेक दर्ग्याचा, एकेक कारागिराचा वृत्तांत येऊ द्या. सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव आणि तारीख देऊन. पुढच्या पिढीतला संपादक त्याच्याकडे आधार म्हणून बोट दाखवील. आणि या कामात मुलींना आधी बसवा. विश्वकोशावर लिहिणाऱ्यांत स्त्रिया फार थोड्या असतात हे पाहण्यांमधून वारंवार दिसले आहे. चांदबिबीच्या शहरातल्या मुलींनी तरी तो आकडा बदलावा.

पण हे करताना एक पथ्य पाळावे लागेल. आपल्याला नको असलेलेही पानावर राहू द्यावे लागेल. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांना किल्ल्यावरून परतवले हे लिहाल, तर १६०० मध्ये तिला तिच्याच लोकांनी फितुरीच्या संशयाने ठार मारले हेही लिहावे लागेल. मलिक अंबरच्या जमीनमहसुलाची थोरवी सांगाल, तर निजामशाहीच्या सरदारांनी एकमेकांचे गळे कसे कापले तेही. जो समाज स्वतःविषयीचे अप्रिय सत्य आधारासकट लिहू शकतो, त्यानेच दुसऱ्याच्या खोट्यावर बोट ठेवावे. नाहीतर तोही मुतवल्लीच. फक्त टोपीचा रंग वेगळा.

काही मित्र म्हणतात, "शहराचे नाव गेले, आता पानाचे काय घेऊन बसलात?" आम्ही म्हणतो, नाव देणे-घेणे सरकारचे काम, ते येते आणि जाते. पण शहर कोणी वसवले, पाणी कोणी आणले, कोणत्या पिराच्या नावाने कोणाच्या मुलांचे बारसे झाले, हे सरकारला अधिसूचनेने बदलता येत नाही. ते फक्त विस्मरणाने बदलते. आणि विसरायला कोणाची परवानगी लागत नाही. राखायला मात्र रोज एका माणसाची एक तासाची मेहनत लागते. वक्फची मालकी कोणालाच मिळत नसते. राखण मात्र ज्याची इच्छा असेल त्याला करता येते, आणि या वक्फच्या दाराला अजून कुलूप लागलेले नाही. लागण्याआधी आत जावे.